दमलेल्या पोरीला कुठे झोपवायचं?

सामना रंगात आला की मी मैदानाकडे पाठ करून बसायचे. नवखे लोक समजायचे, बाईंना ताण सोसत नाही. एकदा एका पंचांनी मध्यंतरात माझ्यासाठी लिंबूपाणी पाठवलं, मला भोवळ आली असावी म्हणून. लिंबूपाणी मी प्यायले, फुकटचं होतं, पण भोवळबिवळ काही नव्हती. मी ऐकत असायचे.

कबड्डीत चढाईला गेलेली मुलगी समोरच्यांच्या अंगणात शिरल्यापासून परत येईपर्यंत एका श्वासात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत राहते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला आम्ही दम म्हणतो. डोळ्यांना फसवता येतं. मांडीवर थाप मारली, दोन उड्या मारल्या, वेणी झटकली की बघणाऱ्याला वाटतं पोरगी काय तडफेची आहे. दमात ही नाटकं चालत नाहीत. ताजी मुलगी पोटातून बोलते, सावकाश, जणू तिला घाईच नाही. थकलेली गळ्यातून बोलते. शब्द एकमेकांवर चढतात, शेवटचं अक्षर गिळलं जातं. सामन्याच्या शेवटी असं व्हायचंच, त्यात नवल नाही. पण पहिल्याच चढाईला, आदल्या दिवशी सुट्टी असताना, एखादीचा दम गळ्यातून आला की माझे कान टवकारत. ही आजची दमलेली नाही, ही कधीची दमलेली आहे.

माझा सगळा जन्म या दुसऱ्या दमणुकीच्या मागे गेला. पेणच्या एका मुलींच्या शाळेत मी शारीरिक शिक्षणाची बाई होते. मुली मागून ‘पीटी’ म्हणत आणि समोर ‘बाई’. पाऊस पडला की माझा तास गणिताच्या सरांना देत, आणि गणिताचे सर आजारी पडले की त्यांचा तास मला देत. त्यावरून शाळेतलं माझं स्थान लक्षात यावं. राहायला रोह्याला, म्हणजे नदीपलीकडे अष्टमीत. सकाळच्या पॅसेंजरनं पेणला जायचं, संध्याकाळी परत. पुढे मुलींच्या कबड्डीचं शिकवणं माझ्याकडे आलं आणि जिल्ह्याच्या संघाची प्रशिक्षक म्हणूनही मला बोलावू लागले. तिथे मात्र पावसातही माझा तास कुणी काढून घेत नसे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, थकवा ओळखणं काय कठीण आहे! थकलेला माणूस बसतो. साधी गोष्ट. पण खेळाडू बसत नाही, हीच तर पंचाईत आहे. खेळ खालावला की खेळाडू जास्त सराव करतो. सराव वाढला की खेळ आणखी खालावतो, मग तो आणखी घाम गाळतो. गावातले चार जण त्याला ‘लाडावलाय’, ‘शेफारलाय’ म्हणतात, आणि त्या बोलण्यानं तो पेटून आणखी जोर काढतो. ‘मी थकलो’ असं कोणी म्हणत नाही. ते म्हणतात, अंग जड झालंय. म्हणतात, मन लागत नाही. एका मुलीनं मला सांगितलं होतं, “बाई, मैदान मोठं केलंय का हो?” मैदान होतं तेवढंच होतं. तिला मी त्याच दिवशी घरी पाठवलं.

मी एका शिबिरात शिकून आले होते, की सकाळी डोळे उघडल्यावर अंथरुणातच नाडी मोजावी. रोजच्यापेक्षा ती जोरात धावत असेल तर शरीर आदल्या दिवसाच्या कामातून सावरलेलं नाही असं समजावं. मी मोठ्या उत्साहानं मुलींना ते शिकवलं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांची नाडी अगदी एकसारखी येऊ लागली. नंतर कळलं, एकच मुलगी मोजत होती, बाकीच्या गाडीत तिला विचारून घेत होत्या.

पालकांच्या तर तऱ्हा विचारू नका. एक वडील मुलीला कच्ची अंडी पाजून वर बैठका काढायला लावायचे. पोरगी मैदानावर आली की तिच्या तोंडाकडेच बघवत नसे. मी त्यांना समजावलं, की हिला अंडी नकोत, झोप हवी. ते म्हणाले, “झोपून कोन पैलवान झालाय, बाई?” मी म्हटलं, न झोपता कोण झालाय ते दाखवा. ते माझ्याशी पुढे दोन वर्षं बोलले नाहीत, पण अंडी थांबली.

रोह्याचा एक मुलगा होता, दिलीप. जवळच्याच केमिकल कंपनीत कामाला, पाळ्या बदलत्या, आणि होळीच्या आसपास गावोगावचे कबड्डीचे सामने. तो आपल्या गावाकडून खेळे, मामाच्या गावाकडून खेळे, मित्राच्या गावाकडूनही खेळे. पकडीत त्याच्यासारखा हात मी पाहिला नाही. मुलांचा संघ माझ्याकडे नव्हता, तरी मी एकदा त्याला थांबवून सांगितलं, की बाबा, जरा दमानं घे. तो हसला. पुढच्या वर्षी त्यानं खेळ सोडला, कुठल्या दुखापतीनं नाही, तर मैदान दिसलं की वाट बदलावीशी वाटते म्हणून. गावानं त्याला ‘गर्विष्ठ’ ठरवलं. आजही तो बाजारात भेटला की आम्ही पावसाबद्दल बोलतो, भाजीबद्दल बोलतो, कबड्डीबद्दल बोलत नाही. मला त्याचं वाईट वाटतं.

आता वनिताबद्दल सांगते. तिच्यासाठीच लिहायला बसले आहे.

वनिता म्हात्रे कासूजवळच्या खाडीकाठच्या गावातली. वडील नव्हते. आई हिराबाई मिठागरावर कामाला, धाकटी दोन भावंडं शाळेत. पेणला सरावाला यायला वनिता माझ्याच गाडीला कासूला चढायची. आधी तिचा आवाज डब्यात शिरायचा, मग ती. दारात उभी राहून सगळ्या स्टेशनांवरच्या लोकांशी गप्पा. मैदानावर ती चढाईला निघाली की समोरच्या मुली नकळत एक पाऊल मागे सरायच्या. बारावी झाली होती, आणि एका मोठ्या सरकारी खात्याच्या महिला संघात खेळाडूंची भरती होणार होती. त्या वर्षी राज्य स्पर्धेत जी चमकेल तिला तिथून बोलावणं येणार, हे सगळ्यांना माहीत होतं. हिराबाईंच्या घरात पगार म्हणून कधी काही आलं नव्हतं. वनिताच्या नोकरीवर आख्खं घर डोळे लावून होतं.

त्या दसऱ्याच्या सुमारास ती गाडीत गप्प झाली. चढली की खिडकीला डोकं टेकून झोपायची. मी सुरुवातीला मनावर घेतलं नाही, वय असतं मुलींचं. मग मैदानावर तिचा दम ऐकला. पहिली चढाई, आणि आवाज गळ्यातून. वळून बघितलं तर पायात नेहमीचीच चपळाई दाखवत होती, पण एका नवख्या मुलीनं तिला सहज घोट्याला धरून खाली आणली. आमची वनिता अशा वेळी हसत उठायची. त्या दिवशी ती त्या पोरीवर खेकसली, आणि मग कोपऱ्यात जाऊन रडली.

दुसऱ्या दिवशी मी गाडीत डबा उघडला. सुक्या बोंबलाची चटणी होती, लसूण घालून कुटलेली, वास डबाभर. मी तिच्यापुढे केली. ती म्हणाली, “नको बाई.”

खाडीकाठची पोर बोंबलाला नको म्हणाली! मी डबा मिटला आणि म्हटलं, “काय झालंय, सांग.”

“काय नाय बाई. पथ्य हाय.”

“कसलं पथ्य?”

“कावीलचं.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. गणपतीनंतर तिला सुस्ती आली, जेवण जाईना, म्हणून आईनं ठरवलं की कावीळ. शेजारच्या गावात एक बाई काविळीची माळ देते. ती डोक्यावर ठेवायची, ती वाढत वाढत खाली उतरते आणि कावीळ घेऊन जाते म्हणतात. माळ उतरली, पथ्य सुरू झालं. तेल नाही, हळद नाही, मासळी नाही. सकाळी पेज, दुपारी पेज, रात्री मऊ भात आणि ताक. आणि या पेजेवर ही मुलगी रोज माझ्या मैदानावर दोन वेळा घाम गाळत होती. खेळ पडतोय म्हणून पहाटे बांधावर धावायलाही जात होती, मला न सांगता.

“डोळे पिवळे झाले होते?” मी विचारलं.

“नाय.”

“पाळी?”

ती खिडकीबाहेर बघायला लागली. पाळी केव्हाची थांबली होती. आईला ते सांगायची तिची हिंमत नव्हती, आई भलतंच काही समजेल म्हणून.

पेणला उतरल्यावर मी तिला मैदानावर नेलंच नाही, सरळ डॉक्टरांकडे नेलं. आमचे डॉक्टर शांत गृहस्थ, तपासताना तोंडात सुपारी नसली तर बोलतातही नीट. रक्त तपासलं, सगळं तपासलं. कावीळ नव्हती आणि कधी झालेलीही दिसत नव्हती. रक्त जरा कमी, बाकी काही नाही. ते म्हणाले, “बाई, हिला आजार काही नाही. ही रिकामी झालीये. खाऊ घाला, झोपू द्या. दीड-दोन महिने तरी खेळ नको.”

दीड-दोन महिने! निवड चाचणी पंधरवड्यावर होती.

मी त्या संध्याकाळी रोह्याला परतताना कासूलाच उतरले आणि हिराबाईंच्या घरी गेले. ठेंगणी, काटक बाई. मिठागरावरून नुकत्याच आलेल्या, पायांना भेगा, त्यात खारा चिखल. मी म्हटलं, कावीळ नाही, रिपोर्ट चांगला आहे. त्यांनी हात जोडले. मग माझं पुढचं वाक्य यायच्या आत त्या वनिताला म्हणाल्या, “आयकलास? काय नाय झालं तुला. उद्यापास्नं पहाटेची धाव परत चालू कर.”

इथेच आमच्या कामाची खरी गोम आहे. आजार असता तर सोपं होतं. काविळीला गावात केवढा मान! कावीळ झालेल्या माणसाला कोणी काम सांगत नाही, कोणी हाक मारत नाही, म्हाताऱ्यासुद्धा हळू बोलतात. पण रिपोर्ट चांगला आला की संपलं. माझ्या मनात आलं, सांगून टाकावं की कावीळच आहे, पडून राहू दे. पण मग ती पेजही चालूच राहिली असती. मी खरं तेच सांगितलं. हिला खूप दिवसांचा थकवा आहे, हिनं खेळायचं नाही, कामही करायचं नाही, आराम करायचा.

“आराम म्हंजे काय करायचं तिनं?” हिराबाईंनी विचारलं. टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

मी वनिताच्या वर्षाची चौकशी केली, आणि माझ्याच कपाळावर हात मारून घेतला. मला फक्त तिची कबड्डी दिसत होती. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत सामने. सामने संपले की भाताची लावणी. लावणी संपली की हमरापूरला मावशीच्या कारखान्यात गणपती रंगवायला. तिथे श्रावणात कोणी वेळेवर झोपत नाही. बोटांवर बोटं ठेवून दागिन्यांचं सोनेरी काम करायचं, पाठ वाकवून, दिवस दिवस. गणपती गेले की लगेच माझा सराव. पावसाळ्यात मी मुलींना ‘दोन महिने सुट्टी, ताज्या होऊन या’ असं मोठ्या थाटात सांगायचे, आणि वनिता त्या सुट्टीत सगळ्यात जास्त राबायची. तिच्या वर्षात विश्रांतीचा महिनाच नव्हता.

वनिता मात्र माझ्यावरच उसळली. “बाई, मी बसली तर माझी जागा गेली! परत कोन विचारतं?”

“आत्ता खेळलीस तर दोन सामन्यांत बसशील, आणि कायमची बसशील.”

“तुमाला काय, तुमाला नोकरी हाय.”

हे अगदी बरोबर होतं आणि लागलंही. 

संघाचे व्यवस्थापक दामूअण्णा मनानं वाईट नव्हते, पण त्यांना चषक फार प्रिय. ते म्हणाले, “बाई, एवढा महिना ढकला हो कसाबसा. ग्लुकोज देऊ. मग झोपू दे तिला वर्षभर.” मी म्हटलं, ढकलायला ती हातगाडी नाही. त्यांनी बरंच सांगून पाहिलं. गावातून दोघं-तिघं आले, एकानं तर मी दुसऱ्या मुलीसाठी जागा मोकळी करतेय असंही सुचवलं. मी वनिताचं नाव चाचणीला दिलं नाही. प्रशिक्षक म्हणून तेवढा एक अधिकार माझ्या हातात होता. त्या रात्री मला नीट जेवण गेलं नाही. माझं चुकलं असतं तर एका घराची नोकरी मी घालवली होती, आणि बरोबर असतं तरी ते कोणाला दिसणार नव्हतं.

आता प्रश्न उरला, या मुलीला झोपवायचं कुठे? घरी ठेवली तर काम चुकणार नाही. कोणी मुद्दाम राबवतं असं नाही, पण हात रिकामा दिसला की घर त्यात काहीतरी ठेवतंच. पाणी आण, सुकट निवड, धाकट्याला बघ.

उत्तर आमच्याच घरात होतं, आणि ते घोरत होतं. आमचे हे कंपनीत, पाळ्यांची नोकरी. रातपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो, म्हणून आमच्या घराचे कायदे वेगळे. आतल्या खोलीला जाड पडदे. दुपारी कुकर लावायचा नाही. रेडिओ नाही, भांडी आपटायची नाहीत, दाराची कडी तेल घालून गुळगुळीत. आमची मुलं कुजबुजत मोठी झाली. रोह्यात अशी घरं गल्लीगल्लीत आहेत, आणि झोपेची किंमत तिथल्या बायकांएवढी कोणाला ठाऊक नाही. मी ह्यांना विचारलं, वनिताला आणू का. हे म्हणाले, “आण की. झोपणारं माणूस घरात एक काय नि दोन काय.”

हिराबाईंनी बरेच आढेवेढे घेतले. परक्या घरी तरणी पोर ठेवायची म्हणजे लोक काय म्हणतील? शेवटी कबूल झाल्या, पण चेहरा उतरलेलाच होता.

पहिले दिवस वनिता नुसती तळमळायची. फार थकलेल्या माणसाला झोप येत नाही, हे लोकांना खरं वाटत नाही, पण तसंच असतं. आमचे हे तिला सल्ले द्यायचे, जुन्या कामगारानं नव्याला द्यावेत तसे. पाय गार पाण्यानं धू. घड्याळाकडे बघू नको. झोप नाही आली तरी पडून राहा, मजुरी तेवढीच मिळते. मी तिला खाऊ घातलं. आमच्याकडे मासळीशिवाय पान हलत नाही. भरलेलं पापलेट, कोलंबीचं खडखडलं, वालाचं बिरडं. आधी चार घास जायचे. मग एक दिवस तिनं आपणहून विचारलं, “बाई, तो बोंबील हाय का अजून?” मला इतका आनंद झाला की मी तव्यावर हात भाजून घेतला.

जिल्ह्याचा संघ तिच्याशिवाय गेला आणि दुसऱ्याच फेरीत हरून आला. त्या दिवशी ती पडद्यामागे रडली. मी आत गेले नाही.

आणि त्यानंतरच्या शनिवारी, भर दुपारी, दारात हिराबाई उभ्या.

“मी पोरीला न्यायला आलेय,” त्या उंबऱ्यावरूनच म्हणाल्या. पावसानंतर मिठागराची जमीन साफ करून पायांनी तुडवून घट्ट करायची असते, हात कमी पडत होते. “स्पर्धा तं गेलीच. आता हितं निजून काय करते ती?”

मी म्हटलं, अजून थोडे दिवस. झोप आता कुठे लागायला लागलीये, सराव तर सुरूच व्हायचाय. मध्येच उठवली तर सगळं फुकट जाईल. पुढच्या वर्षी परत स्पर्धा आहे, परत भरती आहे.

“म्हंजे तिला झायलंय काय? त्याचं नाव तरी सांगा मना.”

“थकवा, हिराबाई. नुसता थकवा.”

 त्या चिडतील असं मला वाटलं, पण त्यांचा आवाज उलट खाली गेला. “थकवा तं मना पन हाय, बाई. लगीन झाल्यापास्नं हाय. मना कोन निजवतं?”

वनिता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती.  मी आयुष्यभर थकव्यावर व्याख्यानं दिली, पण या बाईचा दम मी कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात आतल्या खोलीचा पडदा हलला. आमचे हे, लुंगी-बनियनवर, केस विस्कटलेले, डोळे चोळत बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं असणार. म्हणाले, “माझी झोप झाली. खोली मोकळी आहे, वहिनी. पडा जरा.”

हिराबाई इतक्या लाजल्या की पदर तोंडावर घेतला. “नाय नाय, असं कुठं असतं का! गाडीला टाइम हाय म्हनून...” पण वनितानं त्यांचा हात धरला होता. “चल गो आये,” ती म्हणाली, “पाठ तरी टेक.” आणि तिनं त्यांना आत नेलं. चादर बदलली, पंखा लावला, पडदा ओढला. ‘पाठ टेकते जराशी’ असं आतून एकदा ऐकू आलं, आणि मग काहीच ऐकू आलं नाही.

आम्ही तिघं बाहेर बसलो, नेहमीसारखे कुजबुजत. चहासुद्धा कपबशी न वाजवता प्यायलो. ऊन कललं. आणि गल्लीच्या टोकाकडून भंगारवाल्याची आरोळी आली. त्या माणसाचा गळा असा होता की नदीपलीकडच्या रोह्याला ऐकू जावं. मी उठेपर्यंत वनिता दाराबाहेर होती. खिडकीतून बघते तर पोरगी अनवाणी, दगडांवरून, परकर वर धरून पळतेय. उजवीकडे झुकून एका सायकलला चुकवलं, गटारावरून उडी मारली, आणि भंगारवाल्याच्या गाडीवर दोन्ही हात टेकून थांबली. तोंडावर बोट ठेवून तिनं त्याला काहीतरी सांगितलं. तो बिचारा गाडी घेऊन मुकाट्यानं वळला.

ती परत आली ती हसत. धाप नव्हती. मला म्हणाली, “बाई, मी पळाली.”

“बघितलं मी.”

“मना कळलंच नाय.”

सरावाची एकही तारीख मी तिला दिलेली नव्हती. शरीरानं आपली तारीख आपण ठरवली होती, आणि ती ठरवली होती आईच्या झोपेसाठी. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले, उगाच कांद्यावर ढकलायला कांदाही नव्हता.

दिवेलागणीला हिराबाई उठल्या. कुठे आहोत हे त्यांना पटकन समजेना. “कती वाजलं गो? गाडी गेली?” त्यांची गाडी केव्हाच गेली होती. उठवलं का नाही म्हणून त्या वनिताला रागावल्या, पण तो राग काही जमत नव्हता, तोंड सुजलेलं, गालावर उशीची सुरकुती. तोंड धुऊन त्यांनी चहा घेतला, पिशवी उचलली. वनिता तिची ट्रंक बाहेर आणायला निघाली, तर त्यांनी तिला हातानंच थांबवलं.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “मिठागरावर मी हाय.”

वनिता राहिली. पुढच्या वर्षी ती राज्य स्पर्धेत खेळली, तिला बोलावणं आलं, नोकरी लागली. लोक मला ‘बाई, तुम्ही घडवलंत’ म्हणतात तेव्हा मी मान डोलावते, कारण सांगत बसलं तर फार लांबतं. हिराबाई मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं मिठागरावर जातच राहिल्या, आणि त्याबाबतीत मला काहीही करता आलं नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांना पोचवायला रोहा स्टेशनवर गेले. शेवटच्या गाडीला गर्दी नव्हती, त्यांना खिडकी मिळाली. गाडी हलायला लागली तशी त्यांनी गजांतून मला जवळ बोलावलं. मला वाटलं, पोरीचं काही सांगायचं असेल.

आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना हे बघून त्यांनी विचारलं, “बाई, त्यांची रातपाली परत कदी हाय?”

मी चालत्या गाडीबरोबर चार पावलं धावत त्यांना वार सांगितला. त्या वारी त्या आल्या.